‘इतर’ रकान्यातील झाडे

शांतिनिकेतनजवळच्या एका खेड्यात १९७९ साली एक ताड तोडला गेला. तो साधा ताड नव्हता. वनस्पतिशास्त्र ज्याला कोरिफा तालिएरा म्हणते आणि बंगालीत ज्याला तालीपाम म्हणतात, त्या प्रजातीचे निसर्गात उभे असलेले ते शेवटचे ज्ञात झाड होते. हा ताड कित्येक दशके नुसता वाढत राहतो, आयुष्यात एकदाच फुलतो, फळे पिकवतो आणि मरतो. त्या वर्षी तो फुलोऱ्यावर येऊ लागला होता. पानांच्या झुपक्यातून वर चढणारा तो प्रचंड, शुभ्र फुलोरा गावात कोणीही पूर्वी पाहिलेला नव्हता. लोकांनी त्याला भूत समजून झाड पाडले, अशी नोंद आहे. बी धरण्यापूर्वीच झाड गेले आणि ती प्रजाती निसर्गातून नाहीशी झाली.

या घटनेनंतर काही वर्षांनी, १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात, प्रशिक्षणार्थी अधिकारी म्हणून मी बीरभूम जिल्ह्यात रुजू झालो. सरकारी विश्रामगृहात एका संध्याकाळी वनस्पतिशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी ही हकीकत मला सांगितली. इतिहासाचा पदव्युत्तर विद्यार्थी असल्यामुळे माझे लक्ष प्रथम वेगळ्याच तपशिलाकडे गेले. या ताडाचे शास्त्रीय वर्णन करणारा विल्यम रॉक्सबर्ग हा ईस्ट इंडिया कंपनीचा शल्यचिकित्सक आणि कोलकात्याजवळील शिबपूर उद्यानाचा अधीक्षक होता. या ताडाची पाने लोखंडी लेखणीने लिहिण्यासाठी वापरतात, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. ज्या झाडांच्या पानांवर आपल्या पूर्वजांनी लिहिले, त्यांपैकी एक झाड आपल्या डोळ्यांदेखत संपले होते. त्या खेड्यातल्या लोकांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे होते, आणि खरे सांगायचे तर त्या वेळी मी तेच केले. त्यांना त्या झाडाविषयी कोणी काही सांगितले होते का, हा प्रश्न मला फार उशिरा पडला.

गोष्ट मात्र तेथे संपली नाही. सीमेपलीकडे, ढाका विद्यापीठाच्या आवारात, याच प्रजातीचे एक झाड उभे होते. प्राध्यापक सालार खान यांनी त्याचे वेगळेपण हेरले होते आणि पुढे तज्ज्ञांनी त्याची ओळख पक्की केली. २००८ साली तेही फुलावर आले. या वेळी कोणी कुऱ्हाड उचलली नाही. फळे पिकली, बिया गोळा झाल्या, रोपे तयार झाली, ती विद्यापीठाच्या आवारात आणि बांगलादेशात इतरत्र लावली गेली. मग झाड आपल्या धर्माप्रमाणे वाळून गेले. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत हा ताड आज ‘निसर्गातून नामशेष’ या वर्गात आहे. तो निसर्गातून गेला आहे, जगातून गेलेला नाही. या दोन वाक्यांत जे अंतर आहे, ते केवळ कोणीतरी कुठेतरी एक झाड राखले म्हणून उरले आहे.

या राखण्याला शास्त्रीय परिभाषेत अधिवासबाह्य संवर्धन म्हणतात. म्हणजे वनस्पती जिथे स्वाभाविकपणे उगवते त्या जागेबाहेर, वनस्पती उद्यानात, रोपवाटिकेत, बीजपेढीत किंवा प्रयोगशाळेत तिचे जतन करणे. १९९२च्या जैवविविधता कराराच्या नवव्या अनुच्छेदात त्याची तरतूद आहे. असे जतन प्रामुख्याने मूळ अधिवासातील संरक्षणाला पूरक म्हणून करावे आणि शक्यतो ती वनस्पती ज्या देशाची असेल त्याच देशात करावे, असे तो अनुच्छेद सांगतो. ‘पूरक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. २००२ साली स्वीकारलेल्या वनस्पतिसंवर्धनाच्या जागतिक धोरणाने पुढे आकडाही दिला. २०१०पर्यंत संकटग्रस्त वनस्पतींपैकी ६० टक्के आणि सुधारित लक्ष्यानुसार २०२०पर्यंत ७५ टक्के अशा संग्रहांत असाव्यात, आणि त्यांपैकी २० टक्के पुनर्लागवडीसाठी उपलब्ध असाव्यात, असे ठरले. हे लक्ष्य कागदावर स्वीकारणे अवघड नव्हते. अवघड आहे ते झाडांच्या बाबतीत ते पाळणे, आणि त्याचे कारण बीमध्ये दडलेले आहे.

गहू, तांदूळ, हरभरा यांचे बी सुकवता येते. आर्द्रता कमी करून ते उणे १८ अंश सेल्सिअसला ठेवले तर दशकानुदशके जिवंत राहते. दिल्लीतील राष्ट्रीय जनुकपेढीत अशा साडेचार लाखांहून अधिक नमुन्यांचा साठा आहे आणि तो मुख्यतः पिकांचा आहे. लडाखमध्ये चांग ला येथे सतरा हजार फुटांहून अधिक उंचीवर निसर्गाच्याच थंडीचा लाभ घेणारे बीजभांडार २०१० साली उभारले गेले. देश म्हणून याचा आपल्याला अभिमान वाटावा. पण आंब्याची कोय, फणसाची आठळी किंवा जांभळाचे बी असे सुकवून पाहा, ते मरते. सदाहरित जंगलातील अनेक वृक्षांचे बी याच जातीचे आहे. ते ओले असतानाच रुजायला हवे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाचा अंदाज असा, की अतिसंकटग्रस्त वनस्पतींपैकी सुमारे ३६ टक्के आणि एकूण वृक्षांपैकी सुमारे ३३ टक्के प्रजातींचे बी नेहमीच्या बीजपेढीत टिकत नाही. द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर गर्भांकुर गोठवण्याचे तंत्र आहे. पण ते खर्चिक आहे आणि प्रत्येक प्रजातीसाठी त्याची कृती नव्याने बसवावी लागते. अशा झाडांना आज तरी एकच पेढी परवडते. ती म्हणजे जमिनीत उभे असलेले जिवंत झाड आणि त्याला पाणी घालणारा माणूस.

प्रश्नाचा आवाका ध्यानात यावा म्हणून दोनच आकडे देतो. २०२१च्या जागतिक वृक्षस्थिती अहवालानुसार जगात वृक्षांच्या सुमारे साठ हजार प्रजाती आहेत आणि त्यांपैकी साडेसतरा हजारांवर नामशेष होण्याचे संकट आहे. ४४० प्रजाती अशा आहेत की निसर्गात त्यांची पन्नासपेक्षाही कमी झाडे उरली आहेत. वाघांची संख्या इतकी खाली आली असती तर संसदेत प्रश्न विचारले गेले असते.

आपल्याकडे वनस्पती उद्यानांची परंपरा जुनी आहे. पण तिचा उगम संवर्धनात नाही. शिबपूरचे उद्यान १७८७ साली कर्नल रॉबर्ट किड याच्या प्रस्तावावरून सुरू झाले. १७७०चा बंगालचा भीषण दुष्काळ ताजा होता. साबुदाण्याच्या ताडासारखी झाडे बाहेरून आणून दुष्काळात लोकांना अन्न पुरवावे, ही एक कल्पना त्यामागे होती. दुसरी कल्पना अधिक व्यापारी होती: जहाजांसाठी सागवान, बाजारासाठी मसाले. वेस्ट इंडीजमधील महोगनी १७९५ साली याच उद्यानात आली आणि येथून देशभर पसरली. सिंकोनाच्या लागवडीतही या उद्यानाने मोठी भूमिका बजावली. थोडक्यात, परक्या झाडांना या भूमीत रुजवण्यासाठी ही संस्था निर्माण झाली. तिच्यावर आज नेमकी उलट जबाबदारी आली आहे: याच भूमीतील झाडांना उखडले जाण्यापासून वाचवणे. तालीपामही या उद्यानात लावलेला आहे. संस्थांचे हेतू काळाबरोबर बदलतात. पण हेतू बदलला की अंदाजपत्रक, मनुष्यबळ आणि नोंदवह्याही बदलाव्या लागतात. तेथे आपण नेहमीच मागे पडतो.

याच उद्यानाचा इतिहास दुसरा धडा देतो. १८६४ आणि १८६७च्या चक्रीवादळांनी तेथील असंख्य झाडे जमीनदोस्त केली आणि प्रसिद्ध महावटवृक्षालाही जबर इजा झाली. पुढे बुरशीने पोखरलेले त्याचे मूळ खोड १९२५ साली काढून टाकावे लागले. वड पारंब्यांवर जगला. २० मे २०२०ला अम्फान वादळ आले आणि शेकडो झाडे पुन्हा कोसळली. वडाला पारंब्या असतात. ज्या प्रजातीची उद्यानात दोनच झाडे आहेत, तिला दुसरा आधार नसतो. म्हणून एक प्रजाती एकाच उद्यानात जपणे हे जतन नव्हे, ती जुगारातील पैज आहे. किमान दोन, शक्य तर तीन, आणि तीही वेगवेगळ्या हवामानपट्ट्यांतील ठिकाणी तिची झाडे असली पाहिजेत.

तेवढ्यानेही भागत नाही. दक्षिण आफ्रिकेत १८९५ साली सायकड गटातील एक झाड सापडले. एन्सेफॅलार्टोस वुडी हे त्याचे नाव. ते नर होते. मादी झाड आजवर कोणालाही सापडलेले नाही. आज जगभरच्या उद्यानांत त्याची डौलदार झाडे दिसतात, पण ती सगळी त्या एकाच नराची प्रतिरूपे आहेत. बी धरण्याचा प्रश्नच नाही. संख्या भरपूर आहे, वंश मात्र थांबलेला आहे. एखाद्या प्रजातीची शंभर झाडे आपल्याकडे आहेत, असा अहवाल जेव्हा वर येतो, तेव्हा ती किती मातृवृक्षांपासून आणि कोणत्या जंगलांतून आली, असे विचारले पाहिजे. त्याचे उत्तर फक्त नोंदवहीत सापडते. उद्यानात झाड आहे पण त्याच्या मुळाची नोंद नाही, तर इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या भाषेत ते साधन नव्हे, ती निव्वळ वस्तू झाली.

या सगळ्यात सरकार आणि शास्त्रज्ञ यांच्यापलीकडे एक तिसरा घटक आहे, आणि धोरणाच्या भाषेत तो बहुधा वगळला जातो. बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’त कामरूपच्या भास्करवर्म्याने हर्षाला पाठवलेल्या भेटींचे वर्णन आहे. त्यांत अगुरूच्या सालीवर लिहिलेले ग्रंथ होते. हा अगुरू म्हणजे आसामचे सांची किंवा अगरू झाड. आसामच्या सत्रांतील जुन्या पोथ्या याच्याच सालीवर लिहिलेल्या आहेत. सुगंधी लाकडाच्या हव्यासापोटी जंगलातील अगरू जवळजवळ संपला आणि ही प्रजाती आज अतिसंकटग्रस्त मानली जाते. तरीही वरच्या आसामात गोलाघाट, जोरहाट भागात फिरले तर घरामागच्या सुपारीच्या बागेत अगरूची झाडे उभी दिसतात. ती कोणत्याही उद्यानाने लावलेली नाहीत. शेतकऱ्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या राखली, कारण मुलीच्या लग्नाला किंवा आजारपणाला तीच उपयोगी पडत. अधिवासबाह्य संवर्धनाचे देशातील हे एक मोठे उदाहरण आहे आणि त्याला कोणी ते नाव दिलेले नाही.

केरळात कोल्लम जिल्ह्यातील परवूरजवळच्या एका देवराईत २०२० साली मोहाच्या कुळातील असे झाड ओळखले गेले, की ज्याचा नमुना रॉबर्ट वाइटने १८३५ साली गोळा केल्यानंतर ते पुन्हा कोणाला दिसले नव्हते. पालोडच्या जवाहरलाल नेहरू उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यानाच्या शास्त्रज्ञांनी ही ओळख पटवली. सापडले तेव्हा तेथे एकच पूर्ण वाढलेले झाड होते. जवळपास दोन शतके शास्त्राला जे हरवल्यासारखे वाटत होते, ते गावाने देवाच्या भीतीने म्हणा वा भक्तीने म्हणा, तोडले नव्हते. बीरभूमच्या खेड्यात भुताच्या भीतीने झाड गेले, परवूरला श्रद्धेने राहिले. लोकश्रद्धेवर संवर्धनाचे धोरण उभारता येत नाही, पण लोकांना वगळूनही ते उभारता येत नाही. दोन्ही गावांत जर कोणी आधीच जाऊन ‘तुमच्याकडे काय आहे’ हे सांगितले असते, तर एक झाड वाचले असते आणि दुसऱ्याची रोपे कदाचित आज साठ-सत्तर वर्षांची असती.

चांगली कामे होत आहेत. वायनाडमधील गुरुकुल वनस्पती अभयारण्य १९८१ साली वोल्फगांग थॉयरकाउफ यांनी सुरू केले. आसपासच्या गावांतील स्त्रियांनी तेथे पश्चिम घाटातील नेचे, ऑर्किड आणि तेरड्याच्या दुर्मीळ जाती हाताने वाढवल्या. कोणत्या नेच्याला कोणत्या बाजूचा ओलावा लागतो, हे त्यांना ठाऊक आहे. ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. उत्तराखंडच्या वनविभागाच्या संशोधन शाखेने हजाराहून अधिक वनस्पती वेगवेगळ्या केंद्रांत जोपासल्या आणि त्यांची यादी लोकांसमोर ठेवली. महाराष्ट्रातील वाचकांना शिंदळ माकुडी परिचित असेल. शिवनेरीसह सह्याद्रीच्या मोजक्या कड्यांवर उगवणारी ही वनस्पती डॅल्झेलने १८६५ साली शास्त्राला परिचित करून दिली आणि मुंबईचा तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रियर याचे नाव तिला मिळाले. छाटाने सहज लागत असल्यामुळे ती आज परदेशांतील हौशी संग्राहकांच्या कुंड्यांतही वाढते. कुंडीत ती सुरक्षित आहे, कड्यावर मात्र ती अजून विरळाच आहे. याउलट कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात सह्याद्रीतील दुर्मीळ कंदीलपुष्पे वाढवून ती पुन्हा डोंगरावर नेण्याचे प्रयत्न झाले. जतन आणि संग्रह यांतला फरक तो हाच: परत जाण्याची वाट आखलेली आहे की नाही.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे मांडला पाहिजे, कारण माझ्या अनेक पर्यावरणवादी मित्रांचा तो आहे. उद्यानात रोपे आहेत असे म्हटले की जंगल तोडायला परवाना मिळतो. धरणाच्या, खाणीच्या वा रस्त्याच्या अहवालात ‘बाधित प्रजातींचे अन्यत्र रोपण करण्यात येईल’ हे वाक्य अनेकदा आढळते. ही भीती खोटी नाही. झाड जंगलातून काढले की त्याचे परागीभवन करणारा कीटक, बी वाहून नेणारा धनेश, मुळांशी सख्य असलेली बुरशी हे सारे मागे राहते. उद्यान प्रजाती जपू शकते, जंगल जपू शकत नाही. म्हणूनच अधिवासबाह्य जतन ही जंगलतोडीची किंमत म्हणून कधीही स्वीकारली जाऊ नये. पण ज्या प्रजातीची पन्नास झाडेही उरलेली नाहीत, तिच्याबाबत केवळ मूळ अधिवासाचा आग्रह धरणे म्हणजे घराला आग लागली असताना दुरुस्तीची चर्चा करणे आहे. आधी माणसे बाहेर काढावी लागतात.

आता माझ्या स्वतःच्या सहीची गोष्ट. बीरभूमनंतर काही वर्षांनी, एका उपविभागाचा अधिकारी असताना, रस्ता रुंदीकरणाची फाइल माझ्यासमोर आली. काही शे झाडे तोडायची होती. सोबत तक्ता होता: अनुक्रमांक, प्रजाती, घेर, अंदाजित किंमत. आंबा, शिरीष, शिसू अशी नावे होती आणि शेवटी एकतीस झाडांसमोर एकच शब्द होता, ‘इतर’. इमारती लाकूड म्हणून त्यांना किंमत नव्हती, म्हणून कदाचित त्यांना नाव नव्हते. मी किमतीच्या बेरजा तपासल्या, एका झाडामागे दहा रोपे लावण्याची अट घातली आणि सही केली. रोपे लागली. ती निलगिरीची आणि ऑस्ट्रेलियन बाभळीची होती. नियमाचा भंग कोठेही झालेला नव्हता. त्या एकतीस झाडांत काय होते, हे मी आज सांगू शकत नाही. बहुधा सामान्य झाडे असतील. पण ‘बहुधा’ या शब्दावर मी सही केली होती, आणि खेड्यातल्या लोकांना अडाणी म्हणणारा मी त्यांच्यापेक्षा अधिक काही जाणत नव्हतो. माझ्याकडे केवळ शिक्का होता.

कायदा नाही असे नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा; त्यात वनस्पतींना १९९१च्या दुरुस्तीने जागा मिळाली आणि त्या वेळी अनुसूचीत आल्या त्या केवळ सहा. जैवविविधता कायदा २००२चे कलम ३८ अधिक व्यापक आहे. नामशेष होण्याच्या बेतातील प्रजाती केंद्र सरकार राज्यांशी विचारविनिमय करून अधिसूचित करू शकते आणि त्यांचे पुनर्वसन व जतन करण्यासाठी पावले उचलू शकते. पुनर्वसन हा शब्द कायद्यातच आहे. मात्र हे पाऊल कोणी, कुठे आणि किती मुदतीत उचलायचे, याचे उत्तर अधिसूचनेतून मिळत नाही. पैशाचीही तशीच स्थिती आहे. प्रतिपूरक वनीकरण निधीच्या २०१६च्या कायद्यानंतर, ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने राज्यांना ४७ हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम सुपूर्द केली. माझ्या अनुभवात अशा निधीचे मोजमाप हेक्टर आणि रोपांची संख्या यांतच होते. बारा वर्षे जगवलेल्या एका दुर्मीळ रोपाचे श्रेय देणारा रकाना विवरणपत्रात नसतो.

माझ्या मते चार गोष्टी आजच्या चौकटीतच करता येतील. कलम ३८ खाली अधिसूचित प्रत्येक वृक्षप्रजातीसमोर किमान दोन पालक उद्यानांची नावे लिहावीत आणि दर वर्षी त्यांनी जिवंत झाडांची संख्या व मातृवृक्षांची नोंद जाहीर करावी. प्रतिपूरक निधीतून सरकारी रोपवाटिकांना प्रत्येक वन विभागातील संकटग्रस्त स्थानिक प्रजातींसाठी राखीव वाटा द्यावा. उद्यानांतील माळ्याच्या पदाला कौशल्याचे पद मानावे. कंत्राट दर अकरा महिन्यांनी बदलणाऱ्या माणसाकडून साठ वर्षांनी फुलणाऱ्या झाडाची देखभाल होत नाही. आणि परसात, शेतात, देवराईत अशी झाडे राखणाऱ्यांना कायद्याची भीती नको, मान्यता हवी. अनुसूचित वनस्पतीची लागवड करायलाही परवाना लागतो, अशी आपल्या कायद्याची रचना आहे. तस्करी रोखण्यासाठी ती केली गेली, पण राखणाऱ्यालाच संशयाच्या छायेत उभे करणारी व्यवस्था त्याला फार काळ राखू देत नाही.

आणि पाचवी गोष्ट, जिला निधी लागत नाही. झाडे तोडण्याच्या कोणत्याही प्रस्तावात ‘इतर’ हा शब्द स्वीकारू नये. ज्या झाडाचे नाव लिहिता येत नाही, त्याची फाइल नाव मिळेपर्यंत परत पाठवावी. त्यासाठी जिल्ह्यातील महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला एक पत्र पुरते. त्याला आठवडा लागेल. तेवढा आठवडा माझ्यापाशी होता. मी तो वापरला नाही, एवढेच.